कोलमारला जायचं ठरतंय

८ जून

ठरलं. सप्टेंबरच्या शेवटी कोलमारला जायचं.

लिहून ठेवतोय, कारण मी ठरवलेलं बहुतेक वेळा ठरवण्यापुरतंच राहतं. ही डायरी दुकानात आली होती, एका लेन्सच्या कंपनीने वाटलेली. अर्धी कोरी गेली आहे. उरलेल्या पानांत तरी काहीतरी घडू दे.

आज किर्तीचा व्हिडिओ कॉल होता. माझी धाकटी बहीण. लग्न होऊन फ्रान्सला गेली त्याला नऊ वर्षं झाली. निमेशराव तिथे औषधांच्या कारखान्यात इंजिनियर आहेत. गाव लहान, पण चित्रातून उचलून ठेवल्यासारखं. मधून कालवा वाहतो, दोन्ही बाजूंना गुलाबी, पिवळी, हिरवी घरं, भिंतींतून काळ्या लाकडाच्या तिरक्या पट्ट्या, खिडकीखिडकीत फुलांच्या कुंड्या. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची घरं म्हणे, आणि माणसं अजून राहतात त्यांत. गावाबाहेर पडलं की डोंगरापर्यंत द्राक्षांचे मळे. त्या भागाची सगळी ओळखच वाईनची.

किर्ती नेहमी कालव्यावरच्या पुलावरून फोन करते आणि कॅमेरा गावाकडे धरते. तिचा चेहरा क्वचित दिसतो. आज म्हणाली, "दादा, ये ना रे. द्राक्षं काढायच्या दिवसांत ये. नक्की ये."

मी सेहेचाळीस वर्षांचा. दादरला धनेशच्या चष्म्याच्या दुकानात नोकरी, लालबागला अठराव्या मजल्यावर घर, घरात आप्पा. त्यांना कंपवात आहे. त्यांना उठवणं, आंघोळ, जेवण करून मी दुकानात जातो, आलो की तेच उलट क्रमाने. लग्नाचं दोनदा जमलं आणि दोनदा आप्पांना बघून मोडलं. खरं लिहायचं तर किर्ती सुटली आणि मी अडकलो. तिचा राग येत नाही. कधीकधी येतो.

१५ जून

आप्पांना सांगितलं. वाटलं होतं गप्प बसतील. ते म्हणाले, "जा. मी काय खय पळान जातंय?"

मग बराच वेळ थरथरणारा हात मांडीखाली दाबून बसले आणि विचारलं, "चेडवान बोलवल्यान काय जावयान?"

म्हटलं, किर्तीने. काय फरक पडतो?

"इचारलंय," म्हणाले.

शेजारच्या गंगुबाई हो म्हणाल्या आहेत. जुन्या चाळीतही त्या आमच्या शेजारी होत्या. चाळ पाडून हा टॉवर झाला तेव्हा त्यांनी सोसायटीशी भांडून आमच्याच मजल्यावर खोली घेतली. दुपारी त्या आप्पांपाशी येऊन बसतातच. "जेवण-औषधं मी बघते. पण आंघोळ कोण घालणार त्यांना?" हा प्रश्न उरलाच आहे.

२९ जून

रात्रीची जेवणं झाली की मोबाइलवर कोलमार बघत बसतो. रस्ते आता पाठ व्हायला लागलेत. कौलांवर करकोच्यांची घरटी असतात. कालव्यातून चपट्या बोटीत बसवून फिरवतात. एक मोठं संग्रहालय आहे, जुन्या मठात. आसपासची छोटी गावंही बघायची, एका गावातले रस्ते गोलगोल फिरत मध्यावर येतात म्हणे.

किर्तीला म्हटलं, घर दाखव ना तुझं. नऊ वर्षांत नीट पाहिलंच नाही.

"पसारा आहे. निमेशना नाही आवडत असा पसारा दाखवलेला."

"मग स्वतःला तरी दाखव."

तिने क्षणभर कॅमेरा फिरवला. बारीक झालीय. तिथे सगळे बारीकच असतात, चालतात खूप. मग तिने उलट आमचं नवं घर दाखवायला लावलं. ती गेली तेव्हा आम्ही चाळीत होतो, हे घर तिने पाहिलेलं नाही. हॉल दाखवला, आतली खोली, खिडकी. तिने विचारलं, "हॉलमध्ये दोन गाद्या पडतात का रे?"

"पडतात की. अडचण होते, पण पडतात."

"आणि दार बंद केलं तर आतल्या खोलीत आवाज जातो?"

काहीतरीच विचारते. म्हटलं, तुझी तिथली घरं म्हणजे चित्रं, हे काय बघतेस.

"हो रे, चित्रंच," म्हणाली. "चित्रात कोणी राहतं का पण?"

९ जुलै

दोन्ही लिफ्ट बंद. तिसरा दिवस. दुकानातून अठरा मजले चढून आलो तर दारातच गंगुबाई, "घाबरू नका" म्हणत. आप्पा मोरीत पडले होते. हाड मोडलं नाही, पण कपाळ सुजलंय. डॉक्टर वर यायला तयार नव्हते आणि आप्पांना खाली न्यायची सोय नव्हती. फोनवरच औषध विचारलं.

आप्पा गेल्या दिवाळीपासून खाली उतरलेले नाहीत. खिडकीत बसून गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर बघतात. आज त्यांच्या कपाळाला बर्फ लावताना मनात आलं की हे असंच चालू राहणार, मी पन्नाशीचा होईन, पंचावन्नचा होईन, आणि हा बर्फ माझ्या हातात असेल. ते मनात आल्यावर जो विचार पुढे आला तो इथेही लिहीत नाही.

कोलमारचं काही खरं नाही.

२० जुलै

आज मन खट्टू झालं.

व्हिसासाठी मी राहणार कुठे ते दाखवावं लागतं. नातेवाइकाकडे राहायचं तर त्यांनी तिथल्या नगरपालिकेतून पत्र काढून द्यायचं. साधी गोष्ट. किर्तीला सांगितलं तर ती म्हणाली, "तू हॉटेलचं बुकिंग कर ना दादा."

"तुझ्याकडे जागा नाही?"

"जागा आहे. घर त्यांच्या नावावर आहे, सही त्यांची लागते. ते कामात असतात खूप."

"एका सहीला काय कामात?"

"प्लीज. हॉटेल कर."

केलं. पण लागलं मनाला. सख्खा भाऊ इतक्या लांबून यायचा आणि त्याने हॉटेलात उतरायचं. आईने तिला हेच शिकवलं होतं का? आई असती तर म्हणाली असती, शिकलेल्या मुली अशाच होतात. गंगुबाईंना सांगितलं तर त्यांनी नुसतं "हं" केलं आणि भाजी निवडत राहिल्या.

३१ जुलै

व्हिसाचे कागद देऊन आलो. बोटांचे ठसे घेताना बाई दोनदा म्हणाली, बोट सरळ ठेवा. माझाही हात थरथरतो की काय, अशी एक थंड भीती वाटून गेली. एसीमुळे असेल.

संध्याकाळी किर्तीला विचारलं, काय आणू? मालवणी मसाला गंगुबाई करून देतायत, कोकमं, उकडे तांदूळ...

"मसाला नको," म्हणाली. "माझी कॉलेजची सर्टिफिकेटं आहेत ना तुझ्याकडे? त्यांची नीट कॉपी काढून मला मेल... नको, मेल नको. प्रिंट काढून तुझ्याकडेच ठेव. आणि जन्मदाखला शोध."

बहुतेक तिथे नोकरी बघतेय. चांगलं आहे, रिकामी बसून कंटाळत असेल. पण मसाला नको म्हणजे काय? आता त्यांचीच पाव-चीजची चव लागली असणार.

मग तिने एक विचित्र मागणी केली. खालच्या रस्त्याचा आवाज ऐकव. अठराव्या मजल्यावर आवाज येत नाही, म्हणून मी फोन घेऊन खाली गेलो. मच्छीवाल्या बसल्या होत्या, हातगाड्या, बसचे हॉर्न, कोणीतरी कोणाच्या आईबापाचा उद्धार करत होतं. मी पंधरा-वीस मिनिटं तसाच फोन धरून उभा. ती काहीच बोलली नाही. मी म्हटलं, "आहेस ना?" तर म्हणाली, "आहे. थांब अजून थोडा."

१४ ऑगस्ट

व्हिसा आला. पासपोर्ट तीन वेळा उघडून बघितला. आप्पांनीही हातात घेतला, उलटा धरला, सरळ केला. "तुजो फोटो चोरासारखो इलोहा," म्हणाले. पुष्कळ दिवसांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीला हसलो.

किर्तीला मेसेज केला. उत्तर आलं ते असं: "अभिनंदन. पण घाई करू नका. इथे सध्या फार काही बघण्यासारखं नसतं."

किर्ती मला अहो-जाहो कधीपासून करायला लागली? आणि तीच म्हणत होती ना, द्राक्षांच्या दिवसांत ये म्हणून. लहानपणापासून हिचं एक काही ठरत नाही.

२८ ऑगस्ट

गणपती बसले. आता अनंत चतुर्दशीपर्यंत आमची गल्ली आमची नाही. नाक्यापासून बांबूंचे अडसर, रांगा मागच्या रस्त्यापर्यंत. स्वतःच्या घरी जायला पास दाखवावा लागतो. बाहेर पडायला तासभर, आत यायला तासभर. काल आप्पांची गोळी संपली, मेडिकल समोरच्या फुटपाथवर, आणि मला मध्ये माणसांची भिंत. शेवटी एका स्वयंसेवकाने गोळ्यांची पट्टी डोक्यांवरून हातोहात पोचवली. हे लालबागमध्येच होऊ शकतं. अडकवतात तेच आणि सोडवतातही तेच.

आज किर्तीच्या नंबरवरून मेसेज. "यायचं रद्द करा. आमच्याकडे पाहुणे आहेत, पुढच्या वर्षी बघू. आप्पांना एकटं सोडू नये." तुम्ही, करा, बघू. सगळं शुद्ध, कानामात्रेला धरून.

आप्पांना एकटं सोडू नये. नऊ वर्षं त्यांना सोडून बसलेली मुलगी मला शिकवतेय.

हॉटेल रद्द केलं. विमानाचं तिकीटही रद्द करायला सांगितलं, पण एजंट गणपतीला गावी गेलाय, आल्यावर करतो म्हणाला. खाली ढोल वाजतायत. मी खिडक्या लावून घेतल्या. आप्पा म्हणाले, उघड. मी उघडल्या नाहीत. त्यांना काय, ते उठून थोडेच उघडणार होते. हे लिहिताना कळतंय की वाईट वागलो.

९ सप्टेंबर

दुकानात गिऱ्हाइकाचा नंबर तपासत होतो आणि अनोळखी परदेशी नंबरवरून फोन आला. उचलला तर किर्ती. मागे बाजाराचा गलका.

"दादा, कोणाचातरी फोन घेतलाय, पटकन बोलते. तू येतोयस ना चोवीसच्या सुमाराला?"

"तूच नको म्हणालीस."

"मी?" मग काही क्षण नुसता गलका. "मी नाही म्हटलं. हॉटेल रद्द केलंस?"

"केलं."

"बरं," म्हणाली. इतकंच. "आप्पा बरे आहेत ना?" आणि फोन बंद.

काही लक्षातच येईना. तिने नाही पाठवला मग मेसेज कोणी पाठवला? निमेशरावांनी तिच्या वतीने पाठवला असेल, नवरा-बायकोचा फोन काय वेगळा असतो? पण मग तिला माहीत कसं नाही?

घरी येऊन आप्पांना भरवताना सगळं सांगितलं. आधीचंही. हॉटेल, मेसेज, सर्टिफिकेटं, रस्त्याचा आवाज. मी तक्रारच करत होतो. मसाल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी चमच्यापासून तोंड बाजूला केलं.

"मसालो नको म्हणाला?"

"हो. एवढा गंगुबाईंनी केला असता..."

"मग तिका थंय ऱ्हवाचा नाय," आप्पा म्हणाले. "जेका घरात चूल मांडूची असता, ता चेडू मसालो नको म्हणूचा नाय."

मी म्हटलं, उगाच काहीतरी अर्थ काढता.

ते माझ्याकडे बघत राहिले. कंपवाताने त्यांच्या चेहऱ्यावर आताशा काही उमटत नाही, राग का दुःख ते डोळ्यांवरूनच ओळखावं लागतं. मग म्हणाले, "तू थंय गाव बघूक जातंस काय चेडवाक हाडूक जातंस?" हाडूक, म्हणजे आणायला. हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

१० सप्टेंबर

तिकीट रद्द झालेलं नव्हतं. एजंटला सांगितलं, राहू दे. हॉटेल पुन्हा घेतलं.

आप्पांच्या आंघोळीचं काय, म्हटलं तर, "चार दिस आंघोळ नाय केलंय तर मरूचंय नाय." गंगुबाई म्हणाल्या, "ओल्या फडक्याने पुसून घेईन. म्हातारे आहेत ते, मी पण म्हातारी आहे. कसली लाज."

मला अजून वाटतं की दोघं राईचा पर्वत करतायत. थोडं भांडण असेल. चार महिने माहेरी राहील, बरी होऊन परत जाईल. जावयाला न कळवता त्यांच्या गावात जाणंही बरं दिसत नाही, म्हणून निमेशरावांना मेसेज टाकला, चोवीसला येतोय. लगेच उत्तर आलं: "स्वागत आहे. स्टेशनवर येतो."

बघा. माणूस काही वाईट नाही.

२४ सप्टेंबर, कोलमार

पॅरिसहून रेल्वेने आलो. स्टेशनवर निमेशराव एकटेच. उंच, स्वच्छ, हळू आवाजात बोलणारे. माझी बॅग मला घेऊ दिली नाही. "किर्ती स्वयंपाकात आहे, दगदग नको म्हटलं तिला."

मग जेवायला घरी. नव्या वस्तीतलं घर आहे, गावापासून जरा दूर, कालवा वगैरे तिथे नाही. दाराला बाहेरून आकड्यांचं कुलूप. आत सगळं जागच्या जागी, एक कागद इकडचा तिकडे नाही. फार शिस्तीचं घर. किर्ती आली, वाकून नमस्कार केला, "कसा आहेस दादा" म्हणाली. मी तिला जवळ घ्यायला गेलो तर तिने आधी मागे बघितलं.

जेवताना मी तिला म्हटलं, तू पण भात घे. ती निमेशरावांकडे बघत राहिली. ते हसून म्हणाले, "घे ना, भाऊ सांगतोय." तेव्हा घेतला. सकाळच्या पावाची पावती तिने ताटाशेजारी ठेवली, त्यांनी वाचून खिशात घातली. मला आमच्या धनेशचा हिशेब आठवला.

आम्ही दोघं एकटे एक मिनिटही नव्हतो.

२५ सप्टेंबर, कोलमार

आज निमेशराव मला मळे दाखवायला घेऊन गेले. "किर्तीचं डोकं दुखतंय, आपण दोघंच जाऊ." सकाळी नऊला गाडीत बसवलं ते अंधार पडेपर्यंत.

जे जे मोबाइलवर पाहिलं होतं ते सगळं पाहिलं. गोल रस्त्यांचं गाव, डोंगरावरचे पडके किल्ले, उतारांवर वाकून द्राक्षं खुडणारी माणसं, सोन्यासारखं ऊन. दोन ठिकाणी वाईन चाखवली. इतकं सुंदर मी आयुष्यात पाहिलेलं नाही. आणि सबंध दिवस मला खिडकीची काच खाली करावीशी वाटत होती. ती त्यांच्या बाजूच्या बटणाने लॉक होती. मी एकदा म्हटलं, जरा उघडा. ते म्हणाले, "धूळ येते."

ते किर्तीबद्दलच बोलत होते. ती हळवी आहे, तिला इथलं काही जमत नाही, भाषा शिकायला पाठवलं नाही कारण ती घाबरते, फोनवर कुणाकुणाशी काहीबाही बोलते म्हणून फोन तेच बघतात. "तिच्या बोलण्यावर जाऊ नका. तुम्हाला उगाच त्रास." प्रत्येक वाक्य समजूतदार. मी मान डोलवत होतो. तिसऱ्या गावापर्यंत मलाही वाटायला लागलं की बिचारा किती सांभाळून घेतो.

परतताना त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे कुठल्या दुसऱ्या नंबरवरून फोन आला होता का तिचा?"

का कोण जाणे, मी "नाही" म्हणालो. मला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. पण गाडीत अंधार होता. त्यानंतर हॉटेल येईपर्यंत मी दाराच्या कडीवर हात ठेवून बसलो होतो, ती भीती होती हे आता कळतंय. मी एका दिवसाचा पाहुणा. ती नऊ वर्षं आहे.

२६ सप्टेंबर, रेल्वेत

सकाळी कालव्याकाठच्या बाजारात जाऊन उभा राहिलो. छत असलेला बाजार आहे, भाज्या, मासे, चीज. निमेशराव सकाळी कामावर असतात आणि किर्ती शुक्रवारी भाजीला येते, एवढं तिनेच जेवताना सांगितलं होतं.

ती आली. मला बघून थबकली नाही, सरळ आली. एका भाजीवाल्या म्हातारीने तिच्याकडे बघून मान हलवली. त्या दिवशीचा फोन हिचाच असणार. किर्तीच्या हातात रोजची कापडी पिशवी, वर कोथिंबिरीसारखं काहीतरी.

म्हटलं, "चल, कुठेतरी बसू. तू नीट सांग काय झालंय, मग मी निमेशरावांशी..."

"नको," ती म्हणाली. "त्यांच्याशी तू काल दिवसभर बोललास ना? मग आता बोलायला काय राहिलंय?"

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"दादा, मी सांगत बसले तर मला इथेच रडू येईल, आणि मग मी परत घरी जाईन. दर वेळी तेच होतं. मला आत्ता स्टेशनवर ने."

"कपडे?"

"असू दे."

"पासपोर्ट?"

तिने ती पालेभाजी बाजूला केली. खाली पासपोर्ट होता. "इथलं राहण्याचं कार्ड बदलायला लागला होता तेव्हा दिला त्यांनी. परत मागायचं विसरले. ते काही विसरत नाहीत, एवढंच विसरले."

हॉटेलातून माझी बॅग घेतली. स्टेशन चालत काही फार लांब नाही. वाटेत ती सगळी घरं लागली, गुलाबी, पिवळी. एका पर्यटकाने आम्हाला थांबवून त्यांचा फोटो काढायची विनंती केली. किर्तीने त्याचा फोन घेतला, नीट काढला, दुसरा काढला, परत दिला. मी तिच्या हातांकडे बघत होतो. अजिबात हलत नव्हते.

गाडी सुटल्यावर तिचा फोन वाजायला लागला. वाजून थांबायचा, परत वाजायचा. तिने तो माझ्याकडे दिला. मी उचलला. निमेशराव नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "विनीत, तिला फोन द्या."

मी म्हटलं, "ती झोपलीय."

ती माझ्या समोर टक्क जागी बसली होती. दोन दिवसांत दुसऱ्यांदा खोटं बोललो. आता जमायला लागलंय.

५ ऑक्टोबर

लालबाग.

आप्पांनी तिला बघितलं. हात पुढे केला, तो थरथरत होता, तिने दोन्ही हातांत धरून ठेवला. मग आप्पा मला म्हणाले, "तिका पानी दी."

हॉलमध्ये दोन गाद्या पडतात. रात्री मोरीत जायचं तर मला तिच्या उशावरून जावं लागतं. निमेशरावांचे मेसेज रोज येतात, कधी माफी, कधी वकील. धनेशच्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत परळला, त्यांना भेटून आलो. त्यांनी सांगितलं, एकही उत्तर देऊ नका, पण पुसूही नका.

आप्पांचं सकाळचं किर्तीने घेतलंय. मला आज दुकानाआधी तासभर मोकळा मिळाला. काय करायचं ते कळेना, बसूनच राहिलो.

दुकानात सगळे विचारतात, कसं होतं गाव? मी म्हणतो, बघण्यासारखं.

१२ ऑक्टोबर

किर्ती आल्यापासून खाली उतरलेली नाही. खिडकीत आप्पांच्या शेजारी खुर्ची ओढून बसते.

आज संध्याकाळी चपला घालून दारात उभी राहिली. "दादा, मी खाली जाऊन येऊ?"

मी पेपर वाचत होतो. म्हटलं, "जा की."

ती हलेना. "पाव आणते फक्त. लगेच येते. दुसरीकडे कुठे जात नाही. पावती आणेन."

मी पेपर खाली ठेवला. एकोणचाळीस वर्षांची बाई. कॉलेजात ही एकटी सगळ्या चाळीशी भांडून नाटकाच्या तालमींना जायची. मी तिला म्हटलं, "अगं, पावती कसली? जा ना. हवा तेवढा वेळ जा."

ती गेली. दार लागल्यावर आप्पा म्हणाले, "तिका इचारूक लावू नको."

"मी कुठे लावलं? तिनेच विचारलं."

"तू होय म्हटलंस."

मी म्हटलं, मग काय नाही म्हणायचं होतं? वीस मिनिटांत किर्ती धापा टाकत परत आली. हातात पाव आणि पावती.

१९ ऑक्टोबर

दिवाळीची गर्दी म्हणून धनेशने दुकानात थांबवून घेतलं, तरी सहाला घरी पोचलो. किर्ती घरात नव्हती. फोन टीव्हीवर ठेवलेला.

"खय गेला?" असं मीच आप्पांच्या भाषेत विचारलं, घाबरलो की माझं असं होतं. आप्पांना माहीत नव्हतं. गंगुबाईंनी जाताना पाहिलं होतं, निळा ड्रेस होता म्हणाल्या, बोलली काहीच नाही.

मी लिफ्टपाशी गेलो, परत आलो. खाली फाटकापर्यंत जाऊन आलो. वॉचमनला विचारलं. मनात नको ते सगळं येऊन गेलं. निमेशराव इथे आले असतील. कुठल्या गाडीत काचा वर करून बसवलं असेल. तिसऱ्यांदा चपला घालायला लागलो तर आप्पा म्हणाले, "बस."

बसलो. गंगुबाईंनी दारात पणती लावली. मग आमच्याही दारात लावली.

साडेसात वाजून गेल्यावर ती आली. दाराबाहेर चपला झटकल्या तर ओली वाळू पडली. केस वाऱ्याने विस्कटलेले. आत येऊन तिने आप्पांच्या खांद्यावरची शाल सारखी केली आणि मोरीत जाऊन पाय धुतले. मी तिच्याकडे बघत होतो. विचारायचं सगळं तोंडात जमलं होतं. कुठे, कोणाबरोबर, फोन का नेला नाहीस, आम्ही इथे जीव मुठीत धरून. त्यातला सूर मी दोन दिवस त्या गावात दुसऱ्याच्या तोंडून ऐकला होता. माझ्या आवाजात तो कसा लागेल, याचा अंदाज आला आणि मी गप्प राहिलो. सोपं नव्हतं.

पाय पुसता पुसता ती म्हणाली, "उद्या पण जाणार आहे मी."

मी 'बरं' म्हणणार होतो. पण तिने विचारलं नव्हतं. म्हटलं नाही.